रुखवतातला लाकडी वाडगा

मी अठ्ठावीस वर्षे धुळ्यातील एका शाळेत गणित शिकवले आणि त्याच अठ्ठावीस वर्षांत, वेळापत्रकाच्या सोयीसाठी, कार्यानुभव हा विषयही शिकवला. 'शिकवला' हे क्रियापद मी येथे केवळ सवयीने वापरतो आहे. कार्यानुभवाचे आठवड्याला दोन तास असत आणि ते बहुधा भूमितीचा मागे पडलेला भाग पूर्ण करण्यात जात. भूमिती मागे पडलेली नसेल, तर मी फळ्यावर 'लाकूडकामाची साधने' असे शीर्षक लिहून त्याखाली साधनाचे नाव, उपयोग आणि घ्यावयाची काळजी असे तीन रकाने आखीत असे. मुले ते वहीत उतरवून घेत. पटाशीबाबत घ्यावयाची काळजी मी इतक्या तुकड्यांना लिहून दिली आहे की ती मला आजही तोंडपाठ आहे. प्रत्यक्ष पटाशी मी कधी हातात धरली नव्हती. शाळेत ती नव्हतीच. आणि असती, तर ती कपाटात कुलूपबंद राहील याची काळजी मीच घेतली असती.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने एक वस्तू स्वतः तयार करून आणावी, असा नियम होता. वस्तू येत. काही आयांनी विणलेल्या असत, काही मामांनी रंगवलेल्या, तर काही दुकानातून आणून किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढलेल्या. मला ते कळत असे. सर्व शिक्षकांना कळते. परंतु सुबक वस्तूविषयी प्रश्न विचारला की उत्तर ऐकावे लागते, उत्तर ऐकले की गुण कापावे लागतात आणि गुण कापले की पालक शाळेत येतात. म्हणून वस्तू जितकी सुबक, तितके प्रश्न कमी, अशी पद्धत मी घालून घेतली होती. ती निवृत्तीपर्यंत विनातक्रार चालली.

माझी मुलगी याच शाळेत शिकत होती. आठवीत असताना तिने शाडूची चिमणी केली. चार दिवस ती अंगणात बसून त्या चिमणीशी झगडत होती. चिमणीचा आकार बटाट्याच्या जवळ जाणारा होता. चोच होती म्हणून पक्षी म्हणायचे. ही वस्तू दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर येणार होती. सरांच्या मुलीची वस्तू अशी असावी, हे मला वडील म्हणूनही पटेना आणि सर म्हणूनही. मी एका प्रदर्शनातून भाजलेल्या मातीची एक देखणी चिमणी विकत आणली, तिच्या पिशवीत ठेवली आणि शाळेत तिला वीसपैकी एकोणीस गुण दिले. एक गुण मी निःपक्षपातीपणासाठी राखून ठेवला. मुलगी चिमणी घेऊन आपल्या बाकावर जाऊन बसली. मला वाटले, विषय संपला.

तो पंधरा वर्षांनी निघाला. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. तिचे लग्न जळगावच्या मुलाशी ठरले, कार्यालय जळगावलाच मिळाले आणि घरात रुखवताची चर्चा सुरू झाली. पत्नीने जळगावात एक दुकान पाहून ठेवले होते, जिथे संपूर्ण रुखवत भाड्याने मिळते: सुपाऱ्यांचे वाजंत्रीवाले, साखरेची तुळस, लोकरीची फळे, झोपडी आणि विहिरीसकट थर्माकोलचे खेडे. दुकानदार स्वतः येऊन मांडतो आणि लग्न लागल्यावर परत घेऊन जातो. व्हिडिओ कॉलवर पत्नीने हे सर्व मुलीला कौतुकाने सांगितले.

"भाड्याचं रुखवत?" मुलगी म्हणाली.

"आजकाल सगळे असंच आणतात. तुला वेळ आहे का करायला? का मला आहे?"

"ठीक आहे, आणा. पण त्यात एक वस्तू नानांनी केलेली पाहिजे. स्वतःच्या हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती नसेल तर बाकीचं काहीच मांडायचं नाही."

"अगं, त्यांना काय येतं?" पत्नीने विचारले. प्रश्न मला नव्हता, पण मी त्याच खोलीत होतो.

"तेच तर," मुलगी म्हणाली. "आठवीतल्या माझ्या चिमणीचं काय झालं, ते त्यांनाच विचार."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिला यातले काही ठाऊक नव्हते. मला ते त्याच वेळी सांगावे लागले आणि मुलीने पुण्याहून ते शांतपणे ऐकले. या मुलीने मला अठ्ठावीस वर्षांपैकी बरीच वर्षे जवळून पाहिले होते, आणि तिच्या हिशेबी मी इतरांनी केलेल्या वस्तूंवर सही करणारा गृहस्थ होतो. ती सासरी जाण्यापूर्वी हे मत बदलावे, अशी माझी इच्छा होती. लग्नाला अडीच महिने होते.

मी एका कागदावर संभाव्य वस्तूंची यादी केली आणि प्रत्येकीपुढे अनुकूल व प्रतिकूल मुद्दे लिहिले. अखेर लाकडी वाडगा निवडला. वाडगा म्हणजे पोकळ अर्धगोल. अर्धगोलाचे पृष्ठफळ आणि घनफळ मी हजारो मुलांकडून काढून घेतले होते. जी आकृती आपल्याला आतून आणि बाहेरून पाठ आहे, ती लाकडात उतरवणे हा केवळ अंमलबजावणीचा भाग, असे माझे मत झाले.

जुन्या धुळ्यातील एका गल्लीत एक खरादी आहेत. लेथवर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खांब करतात. वय सत्तरीच्या पुढे; सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. दुकान इतके लहान की लेथ, चाचा आणि लाकडाचा कीस यांनी ते भरून जाते. मी माझी ओळख करून दिली, शाळेचे नाव सांगितले आणि शिकण्याची इच्छा व्यक्त केली.

शाळेचे नाव ऐकून चाचांनी मोटार बंद केली.

"सर, त्या शाळेत कार्यानुभवाला कोण होतं?"

"मीच."

"तुम्हीच?" चाचांनी चष्मा वर सरकवला. "तीन कड्यांचा पेन ठेवायचा स्टँड आठवतो का? खाली गोल बैठक, वर कमळ?"

मला आठवत होता. तो स्टँड दर वर्षी दोन-तीन मुले आणीत आणि मी वहीत त्यापुढे 'कल्पकता चांगली' असा शेरा देत असे.

"मार्च आला की पोरांच्या आया दारात उभ्या," चाचा म्हणाले. "किती वर्षं तुमच्या शाळेचं काम केलं मी! आज विचारूनच घेतो. मला मार्क किती देत होता?"

"अठरा," मी म्हणालो.

"बीस में से?"

"हो."

"दोन कशाचे कापले?"

मी लेथकडे पाहू लागलो. चाचा मनापासून हसले आणि म्हणाले, "उद्यापासून या. पण सर, आता परीक्षा मी घेणार."

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही, आलेख कागद, फूटपट्टी आणि कंपास घेऊन गेलो. वाडग्याचा उभा छेद मी आदल्या दिवशी प्रत्यक्ष मापात काढून ठेवला होता. चाचांनी तो कागद लांब धरून पाहिला, मग उलटा करून पाहिला.

"चित्र फर्स्ट क्लास आहे. यात लाकूड कुठे आहे?"

"लाकूड म्हणजे ही दोन रेषांमधली जागा."

"अच्छा," चाचा म्हणाले आणि कागद घडी करून डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली ठेवला. स्टूल स्थिर झाले. माझ्या आराखड्याचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग होता.

येथे वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. लेथवर लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर असते. सुतारकामाच्या हे नेमके उलट. समोर लोखंडाचा एक आडवा टेकू असतो. त्यावर पटाशी टेकवायची, आधी तिची पाठ फिरत्या लाकडाला लावायची आणि मग मूठ हळूहळू वर उचलत धार लाकडात उतरवायची. आधी पाठ, मग धार. हा क्रम चुकला तर लाकूड पटाशी हिसकावून घेते. हे चाचांनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि मी ते वहीत अधोरेखित केले. फळ्यावर मी अठ्ठावीस वर्षे लिहिलेल्या 'घ्यावयाची काळजी' या रकान्यात हे नव्हते. तिथे 'काम झाल्यावर पटाशी तेल लावून ठेवावी' असे होते.

"सर, लिखना बाद में," चाचा म्हणत. "आधी ऐका. लाकूड सुरसुर बोलतंय तोवर हात चालू द्या. खडखड बोललं की हात मागे."

मी वहीत लिहिले: सुरसुर, योग्य. खडखड, अयोग्य.

पहिले तीन आठवडे मी लाटणी केली. लाटण्याला मधे फुगीरपणा आणि दोन्ही टोकांना निमुळतेपणा असतो. माझ्या लाटण्यांत तो क्रम पाळला जाईलच असे नव्हते. मी घरी आणलेले पहिले लाटणे पत्नीने पोळपाटावर फिरवून पाहिले. ते सरळ न जाता दर वेळी डावीकडे वळत असे. "याला जायचंय तरी कुठे?" तिने विचारले आणि ते माळ्यावर ठेवले.

मग वाडग्याची पाळी आली. चाचांनी आंब्याच्या लाकडाचा एक गोल ओंडका दिला. मी कंपासने त्याचा केंद्रबिंदू काढला, वर्तुळाच्या दोन जीवांच्या लंबदुभाजकांनी पडताळला. चाचांनी अंगठ्याने चाचपून त्याच जागी खिळ्याची खूण केली. माझ्या बिंदूत आणि त्यांच्या खुणेत फरक नव्हता. वेळेत मात्र वीस मिनिटांचा होता.

मोटार सुरू झाली. समोर आठ सेंटीमीटर उंचीचे लाकूड भरकन फिरू लागले आणि मला आधी पाठ, मग धार हे वाक्य पूर्ण आठवले. फक्त हातांना ते आठवले नाही. धार आधी लागली. मोठा आवाज झाला, ओंडका लेथवरून उडाला, माझ्या कानाजवळून गेला आणि चाचांच्या चहाच्या ग्लासावर जाऊन थांबला.

चाचांनी काचा गोळा केल्या. "लागलं नाही ना?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक आहे. सर, पोरं चुकली की तुम्ही काय करायचे?"

"तीच गोष्ट दहा वेळा लिहायला सांगायचो."

"लिहू नका. दहा वेळा करा."

मी बंद लेथवर, न फिरणाऱ्या लाकडावर, आधी पाठ, मग धार असे दहा वेळा केले. गल्लीतून जाणारा एक भाजीवाला थांबून ते पाहत होता. त्याने चाचांना विचारले, "ह्यांना काही झालं का?"

दुसऱ्या ओंडक्याला बाहेरून आकार देण्यास मला पाच दिवस लागले, पण आकार आला. आता आतून कोरायचे होते. वाडगा कोरताना त्याचा बुडाचा भाग एका लोखंडी चकतीवर मागून स्क्रूंनी पक्का केलेला असतो. मी नियोजन असे केले: एकूण उंची आठ सेंटीमीटर, बुडाची जाडी एक सेंटीमीटर ठेवायची, म्हणून आतील खोली सात. हे मी वहीत मांडले आणि ताळाही करून पाहिला: सात अधिक एक, आठ. बरोबर.

चाचा बाजूला बसून सगळे पाहत होते. मी दर थोड्या वेळाने मोटार थांबवून पट्टीने खोली मोजत होतो. चार सेंटीमीटर. पाच. सहा. लाकूड सुरसुर बोलत होते. मी समाधानाने आणखी आत गेलो आणि एकदम कर्रकन आवाज आला, पटाशीच्या टोकाशी ठिणगी उडाली. मोटार थांबवली. वाडग्याच्या तळाशी चार स्क्रूंची टोके चमकत होती. स्क्रू दोन सेंटीमीटर आत आलेले होते. लाकडाची उंची मी मोजली होती. त्या लाकडात मागून आणखी काही शिरलेले असू शकते, हे मांडणीतच नव्हते. अठ्ठावीस वर्षे गणित शिकवून माझी वजाबाकी चुकली होती, आणि ती ताळा करून चुकली होती.

"चाचा, तुम्हाला हे दिसत होतं?"

"दिसत होतं ना."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढं लिहीत होता," चाचा म्हणाले. "मला वाटलं, स्क्रूचंही लिहिलं असेल."

लग्न आठ दिवसांवर आले, तेव्हा तिसरा वाडगा लेथवर होता. या वेळी बूड जाड ठेवले होते, स्क्रू आखूड घेतले होते. पण बाहेर दोन ठिकाणी लाटा आल्या होत्या आणि आतल्या बाजूस एका जागी असा खड्डा पडला होता की बोट तिथे अडकत असे. मी तो खड्डा काढायला जात होतो आणि तो मोठा होत होता. चाचांनी हातातला चहा संपवला. मग उठले.

"सरका सर. एक हात मारून देतो. पाच मिनिटं."

त्या क्षणी मी काय करायला हवे होते, हे मला माहीत होते. मी बाजूला सरकलो.

चाचांनी पटाशी लावली आणि लाकूड बोलायचेच थांबले. फक्त बारीक श्वासासारखा आवाज येत राहिला. फितीसारखा लांब कीस त्यांच्या मनगटावरून खाली पडत होता. लाटा गेल्या, खड्डा गेला, काठ पातळ झाला. पाच मिनिटेही लागली नाहीत. त्यांनी मूठभर कीस घेऊन वाडग्यावर दाबून धरला, लाकूड चकाकले आणि वाडगा माझ्या हातात आला. तो इतका सुबक होता की त्याविषयी मी एकही प्रश्न विचारला नाही.

घरी त्याचे स्वागत झाले. माझी थोरली बहीण लग्नासाठी सोनगीरजवळच्या तिच्या गावाहून येऊन राहिली होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि ती अहिराणीतच बोलते. अक्काने वाडगा उजेडात धरला. "भाऊ, हाऊ तू बनाडा?" तिने विचारले. मी मान हलवली. ती होकारार्थी होती की कशी, हे तिने ठरवायचे होते.

चार दिवस आधी मुलगी आली. तिने वाडगा घेतला, आतून बोट फिरवले, उलटा करून पाहिला.

"नाना, हे तुम्ही केलंत?"

"आंब्याचं लाकूड आहे," मी म्हणालो. मग मी तिला पूर्ण कृती सांगितली: केंद्रबिंदू, टेकू, आधी पाठ, मग धार, स्क्रूंचा प्रसंग. सर्व माहिती अचूक होती. ती हसत होती, मध्ये विचारत होती, उडालेल्या ओंडक्याच्या प्रसंगाला तिने माझा कान तपासला. शेवटी ती म्हणाली, "मी तुम्हाला उगाच इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. सॉरी, नाना." आणि तिने जळगावला फोन लावून होणाऱ्या नवऱ्याला सांगितले, "रुखवतात माझ्या वडिलांनी केलेला वाडगा असणार आहे, आणि तो पाहून तू विश्वास ठेवणार नाहीस."

मी हिशेब करून पाहिला. ओंडक्यातून जितके लाकूड निघाले, त्यातले बहुतेक मी काढले होते. चाचांचा वाटा फार तर मूठभर. प्रमाण माझ्या बाजूने होते. तरीही जेवताना मी ताट अर्धे ठेवून उठलो. पत्नीने विचारले, काय झाले. मी म्हणालो, भाजीत मीठ जास्त आहे. ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी गल्लीत उभा होतो. चाचांना सगळे सांगितले.

"सर, अर्धं धुळं माझं काम आपलं म्हणून घरी नेतं," ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"तिने सॉरी म्हटलं, चाचा."

चाचांनी कुलूप काढले. कोपऱ्यातली लाकडे चाळली आणि म्हणाले, "आंबा संपला. बाभळीचा एक तुकडा आहे. कडक आहे, हात भरून येतील."

"चालेल. पण तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बघायचंही नाही. तुम्ही बघितलं की मी तुमच्याकडे बघतो."

चाचांनी स्टूल उचलले आणि दुकानाबाहेर, माझ्याकडे पाठ करून बसले. दिवसभर ते तसेच बसले होते. येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत, "आज दुकान सरांचं आहे, उद्या या." फक्त लेथ खडखडला की त्यांची मान किंचित डावीकडे कलत असे आणि मी हात मागे घेत असे. ही मदत धरावी की नाही, यावर मी पुढे बराच विचार केला आणि धरावी, असे ठरवले.

बाभूळ खरोखर कडक होती. दुपारपर्यंत बाहेरचा आकार आला, त्यात तीन लाटा होत्या. आतून कोरताना मी स्क्रूंना इतका घाबरलो होतो की बूड दोन बोटे जाड राहिले. काठ एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड. त्यात मावेल ते पाहता तो वाडगा कमी आणि वजन जास्त होते. पण उन्हे उतरली तेव्हा तो पूर्ण झाला होता आणि त्याला दुसऱ्या कुणाची धार लागलेली नव्हती. चाचांना तो दाखवला. त्यांनी हातात घेऊन तोलला.

"दगडासारखा झालाय," ते म्हणाले. "फुटणार नाही."

संध्याकाळी मी दोन्ही वाडगे जेवणाच्या टेबलावर ठेवले. पत्नी, अक्का आणि मुलगी समोर होत्या. मी उभा राहून, वर्गात निकाल सांगावा तसे, कोणता वाडगा कोणी किती केला ते सांगितले. शेवटची पाच मिनिटे कोणाची, हे आधी सांगितले.

अक्काने बाभळीचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला. "भाऊ, हाऊ वाडगा शे का उखय शे?"

"अक्का, उखळ नाही, वाडगाच आहे."

"रुखवतमा ठेवशी तर बठ्ठा गाव हासी ना रे!"

सगळे गाव हसेल, हे पत्नीलाही पटले. ती मुलीकडे वळली. "हे बघ, चांगला तो ठेवू. यांनीच तर केलाय बराचसा. जळगावची माणसं येणार, त्यांच्यासमोर हा नको."

मुलगी मात्र माझ्याकडे पाहत होती. "काल मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काल तू फार खूश होतीस."

"नाना, मी खूश होते कारण मला वाटलं की..." ती थांबली. "मी काल फोनवर किती फुशारकी मारली, माहितीये ना?"

"माहीत आहे."

"आता त्याला काय सांगू?"

"जे मी सांगितलं ते."

ती उठून आत गेली. दार लावले. आम्ही तिघे टेबलाभोवती बसून राहिलो. अक्काने आपल्या समजुतीने दोन्ही वाडगे रुमालाखाली झाकले. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मध्येच ती मोठ्याने म्हणाली, "हो, उखळासारखा!" आणि मग बराच वेळ हसण्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण ती कशाने रडली हे मी विचारले नाही.

"बाभळीचा जाईल," ती म्हणाली. "दुसरा चाचांचा आहे. तो परत करा, किंवा विकत घ्या. आमच्या नावावर नको."

दुसऱ्या दिवशी मी तो चाचांना परत द्यायला गेलो. त्यांनी तो घेतला नाही. लग्नाचा आहेर समजा, म्हणाले. तो आता आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि त्यात लसूण असतो.

लग्नाच्या सकाळी जळगावच्या कार्यालयात रुखवत मांडले गेले. दुकानदाराने पांढऱ्या चादरीवर साखरेची तुळस, सुपाऱ्यांचे वाजंत्रीवाले आणि थर्माकोलचे खेडे कौशल्याने मांडले. बाभळीचा वाडगा कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो खेड्याच्या मागे, विहिरीजवळ ठेवला. लांबून तो एखादा डोंगर वाटत होता. मी त्यापुढे स्वतः लिहिलेले एक लहान कार्ड ठेवले: 'वधूच्या वडिलांनी केलेला पहिला वाडगा.' पहिला हा शब्द लिहिताना मी थांबलो होतो, कारण आधीचे तीन होते. पण त्यांतले दोन वाडग्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचले नव्हते आणि एक माझा नव्हता. म्हणून शब्द बरोबर होता.

व्याह्यांकडच्या बायकांनी रुखवताचे फोटो काढले. लोकरीच्या फळांचे फार कौतुक झाले. पत्नीने ते नम्रपणे स्वीकारले. कार्ड दोघी-तिघींनी वाचले. एका मावशींनी वाडगा उचलून पाहिला, लगेच खाली ठेवला आणि हात चोळला. जावयाने मात्र येऊन तो मुद्दाम दोन्ही हातांनी उचलला, माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि पाहुण्यांना नमस्कार करायला निघून गेला. थोड्या वेळाने कुणीतरी चहाचा रिकामा कागदी पेला त्यात ठेवला. मी तो काढला. दुसरा ठेवला गेला. मग मी तिथेच उभा राहिलो.

लग्न लागले, जेवणे झाली आणि दुकानदार यादी घेऊन सामान आवरायला आला. त्याने एकेक वस्तू यादीशी ताडून खोक्यात ठेवली. शेवटी चादरीवर एकच वस्तू उरली. त्याने यादी पुन्हा पाहिली, मागून पाहिली आणि मोठ्याने विचारले, "हे कुणाचं आहे? हे आमचं नाही."

मी पुढे होत होतो, पण पाठवणीसाठी तयार झालेली मुलगी जवळच होती. "माझं आहे," ती म्हणाली आणि शालूचा पदर सावरत तिने वाडगा उचलला.

गाडीत जागा कमी होती. भेटींची खोकी मागे डिकीत भरली. जावयाने वाडगाही मागे ठेवायला हात पुढे केला, पण तिने तो मांडीवरच ठेवला. मागे ठेवला तर बाकीचं सगळं फोडेल, असे कारण तिने दिले. वाडग्याचे वजन लक्षात घेता ते कारण योग्य होते.